तालमीचे तास आणि श्रेयांकांची बेरीज

कॉलेजातले नाटक, खेळ, योग, गाणे आणि राष्ट्रीय सेवा योजना यांची नोंद आता गुणपत्रिकेत होऊ लागली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढला. त्यात पदवीच्या आराखड्यात अभ्यासपूरक उपक्रमांना स्वतंत्र रकाना मिळाला. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना सुरू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय आणि कौशल्याचे पेपर यांच्या जोडीला आता मुलांच्या तोंडी ‘सीसी’ (को-करिक्युलर) हा शब्दही बसला आहे. साधारणपणे एका सत्राला २ श्रेयांक असतात. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने १ श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणजे सत्राला ६० तास झाले.

याचे स्वागत करावे की काळजी करावी, यावर प्राध्यापकांच्या खोलीत आणि तालमीच्या हॉलमध्ये दोन तट आहेत. दोन्ही बाजूंना बोलणारी माणसे अनुभवी आहेत. ज्यांनी वीस-वीस वर्षे कॉलेजचा संघ उभा केला, त्यांच्यातले काही म्हणतात, अखेर या कामाला किंमत मिळाली. तशाच अनुभवाचे दुसरे म्हणतात, आता हेही ‘सबमिशन’ झाले. म्हणून हा प्रश्न घाईने निकाली काढण्यासारखा नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, तर त्यांच्यातला वाद वाटतो तेवढा समोरासमोरचा नाही, हे लक्षात येते.

श्रेयांकांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा न्यायाचा आहे. कॉलेजची मंडळे सगळ्यांसाठी खुली असतात, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तालीम सुरू होते संध्याकाळी पाचनंतर, आणि तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलीची शेवटची सोयीची एसटी त्याआधीच सुटलेली असते. जो मुलगा सकाळी कॉलेज करून दुपारी दुकानात, गॅरेजमध्ये किंवा डिलिव्हरीच्या कामावर जातो, त्याला वादसभेची वेळ कधीच जुळत नाही. सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व १९४७ मध्येच महाविद्यालयापर्यंत आणले. त्याच नावाची योजना आज अनेक विद्यापीठांत चालते. शिक्षणाबरोबर पोटाची सोय पाहणारा विद्यार्थी हा महाराष्ट्रातला अपवाद नाही. मग अभ्यासेतर उपक्रम वेळापत्रकाबाहेर ठेवले, की ते आपोआप वसतिगृहात राहणाऱ्यांचे, शहरातल्यांचे आणि घरून पैसे मिळणाऱ्यांचे होतात. दारावर कुणी अडवत नाही, तरी आत ठरावीक मुलेच दिसतात. श्रेयांक आले की तास दिवसाच्या वेळापत्रकात येतो आणि त्या मुलीला एसटी सोडावी लागत नाही.

दुसरा मुद्दा घरचा आहे. ‘आधी अभ्यास, मग नाटक-बिटक’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. मुलींच्या बाबतीत त्यात ‘कुणाकुणाबरोबर जाणार, परत कधी येणार’ याची भर पडते. गुणपत्रिकेत छापून येणारी गोष्ट मात्र घरी अभ्यास म्हणूनच धरली जाते. राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर सात दिवसांचे, मुक्कामी असते. ते पदवीचा भाग आहे असे सांगता आले, तर अनेक मुलींना पहिल्यांदाच घराबाहेर आठवडाभर राहण्याची परवानगी मिळते. दत्तक गावात श्रमदान करणे, घरोघरी सर्वेक्षणाला जाणे, रात्री पथनाट्य करणे, सगळ्यांचा स्वयंपाक गटागटाने उरकणे यातून जे शिक्षण होते, ते वर्गात होत नाही. त्यासाठी एका कागदाचा आधार लागत असेल, तर तो कागद तुच्छ मानू नये.

तिसरा मुद्दा शिक्षकांचा. सांस्कृतिक विभाग, वाङ्मय मंडळ, वार्षिकांक आणि सेवा योजना यांची जबाबदारी बहुतेक ठिकाणी उत्साही शिक्षकाच्या गळ्यात पडते. त्याचे तास मोजले जात नाहीत, सुट्ट्या त्यात जातात, आणि तो बदलून गेला की मंडळही मिटते. उपक्रम अभ्यासक्रमात आला की त्याला तासिका देणे भाग पडते आणि कुणा एकाच्या हौसेवरचे अवलंबित्व कमी होते.

आता दुसरी बाजू. ती जुन्या कॉलेजच्या आठवणींत रमणाऱ्यांची म्हणून सोडून देता येणार नाही, कारण सक्तीचा एक धडा आपल्या इतिहासातच आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. हेतू चांगला होता, देशातले वातावरण अनुकूल होते. तरीही १९६८ मध्ये ती सक्ती उठवावी लागली. पुढच्याच वर्षी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचा पाया स्वयंसेवेचा होता. सुरुवातीला ४०,००० विद्यार्थी होते, आणि योजना आजही उभी आहे. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि एक विशेष शिबिर ही अट पाळणारा विद्यार्थी तिथे नाव नोंदवून आलेला असतो, ढकलून आणलेला नसतो. शिस्तीची छात्रसेनाही सक्ती गेल्यावर टिकली आणि तिचा दर्जा सांभाळला गेला, हे विसरू नये.

माणूस बक्षिसासाठी काम करू लागला की कामाची गोडी कमी होते का, याचाही अभ्यास झालेला आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना चित्रासाठी बक्षीस मिळेल असे आधी सांगितले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले किंवा मिळालेच नाही, त्यांची आवड तशी घटली नाही. पदवीची मुले बालवाडीतली नाहीत, आणि त्या प्रयोगावरून सरसकट निष्कर्ष काढू नये. पण ज्याला गाण्याची मुळातच ओढ आहे, त्याच्या रियाजाला ‘सत्र २, श्रेयांक २’ असे लेबल लावताना दोनदा विचार करावा, एवढे त्यातून नक्की निघते.

तिसरी काळजी कागदांची आहे. मूल्यांकनाच्या काळात कॉलेजांना प्रत्येक उपक्रमाचा अहवाल, हजेरीपट आणि ठिकाण-वेळ उमटलेले फोटो जपून ठेवावे लागतात. श्रेयांक आले की हा भार वाढतो. वृक्षारोपणात खड्डे किती खणले यापेक्षा बॅनर नीट दिसतो का, याकडे लक्ष जाऊ लागते. दोनशे मुलांना एका सभागृहात बसवून योगाचा तास झाला की साठ तासांचे गणित स्वस्तात सुटते. संगीताला वाद्ये लागतात, नाटकाला जागा आणि दिग्दर्शक लागतो, खेळाला मैदान लागते. ज्या कॉलेजकडे यातले काहीच नाही, त्याच्या विद्यार्थ्याला यादीत पर्याय दहा दिसतात आणि हातात मात्र एकच येतो. न्यायासाठी आणलेली योजना अशा ठिकाणी नवा अन्याय करते. शहरातल्या मुलाला श्रेयांकात नाटक मिळते, आणि तालुक्यातल्या मुलाला श्रेयांकात हजेरी मिळते.

चौथी काळजी सर्वांत खोल आहे, ती दर्जाची. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून सुरू आहे. तिथे कॉलेजचा संघ एकांकिका घेऊन उतरतो. ती कुठल्या पेपराचा भाग नसते. २०२२ मध्ये परीक्षकांनी अंतिम फेरीतल्या एकाही एकांकिकेला करंडक द्यायचा नाही असे ठरवले. त्यावर बरीच खळबळ झाली, निर्णय योग्य की अयोग्य यावर आजही दुमत असू शकते. पण असा निर्णय घेता येतो, हीच त्या स्पर्धेची ताकद आहे. कॉलेजात २ श्रेयांकांच्या उपक्रमात सगळ्या संघाला नापास करण्याची हिंमत कोणता प्राध्यापक दाखवेल, आणि दाखवली तर एटीकेटीची यादी पाहून प्राचार्य काय म्हणतील? तिथे बहुतेक सगळे उत्तीर्ण होणार, बहुतेकांना चांगली श्रेणी मिळणार. प्रत्येकालाच चांगली श्रेणी मिळू लागली, की चांगल्या नाटकाची आणि कशाबशा उभ्या राहिलेल्या नाटकाची ओळख पुसली जाते. रंगकर्मी डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. तिथल्या अभ्यासक्रमात रंगभूमीला एकही गुण नव्हता. त्यांची कसोटी तालमीत आणि प्रेक्षकांसमोर लागली, आणि ती कसोटी गुणांपेक्षा कडक होती.

वेळेच्या मापाचाही प्रश्न आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवायला २००८ मध्ये घेतला. २२ जून २०१६ रोजी ‘इस्रो’च्या पीएसएलव्ही-सी३४ यानातून तो अवकाशात गेला. मधल्या आठ वर्षांत किती तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या असतील. ज्यांनी पहिली रेखाटने केली त्यांच्या हाती उड्डाणाचा दिवस लागला नाही, आणि ज्यांनी शेवटच्या चाचण्या केल्या त्यांना आधीच्यांच्या वह्यांवरून काम समजून घ्यावे लागले. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचे आणि काम पुढे सोपवायचे, ही मंडळांची खरी रीत आहे. साठ तासांत ती मावत नाही आणि सत्राच्या अखेरीस तिचा निकालही लागत नाही.

शेवटची काळजी स्वातंत्र्याची. ज्याच्या हातात तुमचे श्रेयांक आहेत, त्याच्याशी तुम्ही किती वाद घालाल? वसतिगृहाच्या खानावळीवर, ग्रंथालयाच्या वेळांवर किंवा परीक्षा विभागाच्या कारभारावर पथनाट्य करायचे ठरले, तर संहिता आधी कोण वाचणार? विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधित्वाचा महाराष्ट्रातला इतिहास आधीच तुटक आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद करून गुणवत्तेवर आणि नियुक्तीवर विद्यार्थी परिषदा उभ्या केल्या. त्यात खेळ, सांस्कृतिक, छात्रसेना आणि सेवा योजनेच्या प्रतिनिधींना जागा होती, ही चांगली गोष्ट. पण त्यांना विद्यार्थ्यांनी निवडलेले नव्हते. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद परत आणली, तरी पुढची काही वर्षे ती कागदावरच राहिली. अशा परिस्थितीत मतभेद मांडण्याची, बैठक चालवण्याची, हिशेब देण्याची आणि हरल्यावरही सोबत काम करण्याची सवय लागते ती मंडळांतच. तीही शिक्षकाच्या शेऱ्याखाली गेली, तर ही शेवटची शाळाही बंद होईल.

इथे एक जुना दाखला महत्त्वाचा वाटतो. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि नुकत्याच शिक्षक झालेल्या तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. त्यांच्यात दादाभाई नौरोजी होते. सुरुवात निबंधवाचन आणि चर्चेपासून झाली. पुढच्याच वर्षी त्या चर्चेतून मुलींच्या शाळा निघाल्या, आणि सभासद स्वतः विनामूल्य शिकवू लागले. तेव्हा मुलींना शिकवणे म्हणजे घरच्यांचा आणि समाजाचा रोष ओढवून घेणे होते. या मंडळाला प्राध्यापक पॅटन यांचा पाठिंबा होता, संस्थेची जागा होती आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला होता. निर्णय मात्र तरुणांचा होता. संस्थेने आधार द्यावा आणि काय करायचे ते विद्यार्थ्यांनी ठरवावे, हा समतोल आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वी साधलेला आहे.

हे सगळे तराजूत घातले, तर मला पारडे असे झुकलेले दिसते. श्रेयांकांच्या बाजूचे म्हणणे आहे ते वेळेबद्दल, परवानगीबद्दल आणि शिक्षकांच्या श्रमाबद्दल. विरोधी बाजूचे म्हणणे आहे ते दर्जाबद्दल, आवडीबद्दल आणि स्वातंत्र्याबद्दल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाविद्यालयाने पहिल्या तिन्हींची जबाबदारी पूर्ण घ्यावी आणि दुसऱ्या तिन्हींना हात लावू नये. श्रेयांक विद्यार्थ्याने दिलेल्या वेळेची पोच म्हणून द्यावेत. त्याच्या कलेचे, विचाराचे किंवा नेतृत्वाचे मोजमाप म्हणून देऊ नयेत.

याचा व्यवहारातला अर्थ सांगतो. गुणपत्रिकेत ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ एवढेच लिहावे, श्रेणी आणि सरासरीत धरले जाणारे गुण नकोत. नाटक कसे झाले हे प्रेक्षक आणि परीक्षक सांगतील, अंक कसा निघाला हे वाचक सांगतील. विद्यापीठाचा नियम श्रेणी मागत असेल, तर तो बदलण्याचा प्रस्ताव विद्या परिषदेत महाविद्यालयांनीच मांडावा.

आठवड्यातून एक दुपार सगळ्या शाखांसाठी मोकळी ठेवावी, तीही अशी, की काम संपल्यावर बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना गाडी मिळेल. मला विचाराल तर या एका गोष्टीचे मोल श्रेयांकांहून जास्त आहे. विज्ञानाची प्रात्यक्षिके त्या दुपारी ठेवायची नाहीत, हे पाळणे कठीण आहे. प्रयोगशाळा कमी आणि तुकड्या जास्त, ही अडचण खरी आहे. तरीही ज्या कॉलेजला हे जमणार नाही, त्याने आपली मंडळे सगळ्यांसाठी खुली आहेत असा दावा करू नये.

ज्या कॉलेजांत साधने नाहीत, त्यांना जवळच्या कॉलेजांबरोबर एकत्र मंडळ चालवण्याची मुभा मिळावी. तालुक्याचे वाचनालय, हौशी नाट्यसंस्था, भजनी मंडळ, क्रीडा संकुल इथे दिलेला वेळही धरला जावा. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या कलांना आणि कसबांना कॉलेजात आणण्याचा हा सरळ मार्ग आहे. ढोलकी शिकायची असेल, तर ढोलकीवाला गुरू गावातच असतो, फक्त त्याच्याकडे काढलेले तास कॉलेजने मान्य केले पाहिजेत.

आणि निर्णय विद्यार्थ्यांचे. मंडळाचे सचिव सभासदांनी निवडावेत. जिमखाना आणि वार्षिकांकाच्या नावाने घेतलेले शुल्क कुठे खर्च झाले, याचा ताळेबंद वर्षाअखेरीस सूचनाफलकावर लागावा. मार्गदर्शक शिक्षकाने सल्ला द्यावा, सुरक्षिततेपुरता शब्द त्याचा अखेरचा असावा. हा अपवाद मी जाणीवपूर्वक ठेवतो. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात महोत्सवातल्या संगीत कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी झाली आणि चौघांचा जीव गेला. गर्दी, वीज, मंडप आणि प्रवास यांची जबाबदारी विशीतल्या मुलांवर टाकून मोकळे होणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे. संहितेतला शब्द, चर्चेचा विषय किंवा अंकातली कविता यांवर मात्र हा अखेरचा शब्द चालू नये.

या मांडणीवर एक आक्षेप राहतोच. नुसत्या ‘पूर्ण’ शेऱ्यासाठी मुले किमान हजेरी लावून निघून जातील, आणि मनापासून काम करणाऱ्यांना अशा गर्दीचा त्रास होईल. हा धोका आहे आणि तो पूर्णपणे टळणार नाही. तो कमी करता येतो. पहिल्या वर्षीचे श्रेयांकाचे तास ओळखीचे असावेत, त्यात विद्यार्थ्याने दोन-तीन क्षेत्रे चाखून पाहावीत. मंडळाचे सभासदत्व त्यापुढचे आणि ऐच्छिक असावे, श्रेयांक हवेत म्हणून कुणी करंडकाच्या संघात नसावा. साठ तास भरून निघून जाणारे बरेच असतील. पण त्यांच्यातल्या ज्या मुलीने आजवर रंगमंचाची पायरीही पाहिली नव्हती, ती थांबली तर ते साठ तास कारणी लागले. आजच्या व्यवस्थेत तिला ती पायरी दिसतच नाही.

शासन निर्णयाने रकाना दिला आहे, त्यात काय भरायचे हे अजून बऱ्याच अंशी महाविद्यालयांच्या हाती आहे. म्हणून मागणी शासनाकडे कमी आणि प्राचार्यांकडे जास्त आहे. पुढच्या सत्राचे वेळापत्रक लावताना आधी ती मोकळी दुपार ठरवा, मग बाकीचे तास बसवा. मंडळांची यादी सूचनाफलकावर लावण्याआधी विद्यार्थ्यांना विचारा, तुम्हाला काय सुरू करायचे आहे. आणि सत्र संपताना श्रेयांकांची बेरीज करण्याआधी एवढे तपासा, की यंदा मंडळांमध्ये आलेली मुले कोणत्या गावांतून, कोणत्या घरांतून आली. त्या यादीत नवी गावे आणि नवी घरे दिसली, तर हा बदल योग्य दिशेने चालला आहे. तीच जुनी नावे दिसली, तर श्रेयांक कितीही वाटले तरी पदरी काही पडले नाही, असेच म्हणावे लागेल.